मल्टिजेटचे लिफ्टर परत बसवताना

सगळ्यात आधी हे वाचा: लिफ्टर (व्हॉल्व्हच्या वरची फट तेलाच्या दाबाने भरून काढणारा छोटा भाग) बसवून कॅमचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं) हाउसिंग आवळलं की निदान अर्धा तास इंजिन फिरवायचं नाही. स्टार्टरने नाही आणि हातानेही नाही. गेल्या वेळी हा अर्धा तास दिला नाही म्हणून व्हॉल्व्ह वाकले आणि हेड परत उतरलं.

फियाटच्या 1.3 मल्टिजेट डिझेल इंजिनला 16 लिफ्टर असतात. पुठ्ठ्याला भोकं पाडा, नंबर टाका आणि जो जिथून निघाला तो तिथेच जाऊ द्या. खोलायचे तर एकावेळी एकच. आतला प्लंजर (वर-खाली सरकणारा दट्ट्या) आणि त्याचं नळकांडं जोडीनेच मापात बसवलेलं असतं. अदलाबदल झाली की आतलं तेल दबावाखाली टिकत नाही आणि टकटक जात नाही. प्लंजरच्या तळाचा बॉल आणि त्याची स्प्रिंग इतकी बारीक असते की ट्रेमध्ये पांढरं कापड अंथरल्याशिवाय हात लावू नका. धुवायला स्वच्छ डिझेल चालेल. कॉटन वेस्ट मात्र अजिबात नको, बॉलखाली एक धागा अडकला तरी तो बसत नाही.

आता हवा काढायची. वाटीभर नव्या इंजिन ऑइलमध्ये लिफ्टर पूर्ण बुडवा, वरच्या भोकातून बारीक तारेने बॉल हलकेच दाबा आणि प्लंजर खाली ढकला. बुडबुडे येतील. तार काढा, प्लंजर वर येऊ द्या, म्हणजे तो तेल ओढून घेईल. बुडबुडे थांबेपर्यंत हेच करा. मग तार न घालता अंगठ्याने दाबून बघा: दगडासारखा लागला पाहिजे. स्पंजासारखा दबला तर आत हवा आहे, पुन्हा बुडवा. झालेले लिफ्टर उभेच ठेवा.

असा तेलाने भरलेला लिफ्टर पूर्ण उंचीवर असतो, म्हणूनच तो अर्धा तास. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या जोराने जास्तीचं तेल हळूहळू बाहेर पडतं आणि लिफ्टर आपल्या उंचीवर येतो. तोवर व्हॉल्व्ह उघडा राहतो, आणि क्रँक फिरली तर पिस्टन थेट त्यावर आपटतो. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं तरी थांबा.

रॉकर (कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या पट्ट्या) लिफ्टरवर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यावर नीट टेकलेत ना, एकेक बघा. हाउसिंगचे बोल्ट टप्प्याटप्प्याने, टॉर्क पुस्तकातला. अर्धा तास झाला? झाला नसेल तर पाना खाली ठेवा. मग कॅम जागेवर धरून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना काढा, क्रँक हाताने दोन फेरे, सरळ दिशेनेच. अडली तर जोर लावू नका, खोला. ऑइल, फिल्टर, स्टार्ट. सुरुवातीला थोडा वेळ टकटक होईल, रेस करू नका.