मेंदूत गाठ असलेल्या माणसाचं बोलणं घरी कसं तपासावं

उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, पण एकाच जागी नाही. कपाळामागचे आणि कानाजवळचे भाग तंतूंच्या जुड्यांनी जोडलेले असतात. गाठ हळू वाढली तर शेजारचे भाग काम उचलतात आणि कित्येक महिने नुसता एखादा शब्द अडतो. वय झालं म्हणून घरचे सोडून देतात. भराभर वाढणारी गाठ आणि तिच्याभोवतीची सूज मात्र काही आठवड्यांत बोलणं बिघडवते.

ऑपरेशन ठरलं की आठवड्यातून दोनदा, सकाळी माणूस ताजा असताना मोबाईलवर व्हिडिओ घ्या. घरातल्या २० वस्तू काढा: चाळणी, खुरपं, विळी, कुलूप, तांब्या, सूप. एकेक दाखवून "हे काय?" विचारा आणि १० सेकंद गप्प राहा. तपासणी सगळ्यात जास्त बिघडते ती इथेच, कारण शब्द पुरवल्याशिवाय आपल्याला राहवत नाही. रुमालाला दस्ती किंवा भाजीला माळवं म्हटलं तर उत्तर बरोबर.

चुकलं तर जसं म्हटलं तसंच लिहा. खुरप्याला "विळा" म्हणणं ही अर्थाची गल्लत, चाळणीला "चाणळी" ही आवाजांची. "ते... पीठ चाळायचं" म्हणजे वस्तू ओळखली, नाव सापडेना. डॉक्टर या तिन्हींचा अर्थ वेगवेगळा लावतात. मग आठेक शब्दांचं वाक्य मागोमाग म्हणायला लावा. समजतं, बोलताही येतं, पण ऐकलेलं तसंच म्हणता येत नाही, असं दिसलं तर आवर्जून सांगा. शेवटी "आधी दार दाखवा, मग डोळे मिटा" असं सांगा; सांगताना तुमचा हात किंवा नजर दाराकडे गेली तर तपासणी फुकट.

आरती, पाढे, वारांची नावं यात धरू नका. ती तोंडात बसलेली असतात. तांब्याचं नाव न सुचणारा माणूसही आरती अख्खी म्हणू शकतो.

घरात कोणती भाषा चालते तेही लिहून द्या. तांड्यावर गोरमाटी, देगलूरकडे तेलुगू, संभाजीनगरात उर्दू असू शकते. जागं ठेवून ऑपरेशन करताना रुग्णाला चित्रांची नावं विचारतात आणि मेंदूला क्षणभर सौम्य करंट देतात. नाव अडलं तर ती जागा सहसा कापत नाहीत. दोन भाषांच्या जागा थोड्या वेगळ्या असू शकतात. फक्त मराठीत तपासलं तर घरची भाषा राहून जाते.

बोलणं अचानक थांबलं तर वेळ बघा आणि तडक दवाखाना गाठा. फिट असेल किंवा पक्षाघात. फिट चालू असताना कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका.

सुजेवरच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी काही दिवसांत बोलणं सुधारू शकतं. गाठ मात्र तिथेच असते. गोळ्या मनाने बंद करू नका, आणि साखर तपासत राहा, ती वाढते.