दुबईच्या ऑफरमधला आकडा कसा वाचायचा

दुबईची ऑफर आली की ओळखीतल्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "बारा हजार दिरहम म्हणजे रुपयांत किती?" हा गुणाकार मी त्यांना करू देत नाही. खर्च दिरहममध्ये होणार, तर हिशोबही दिरहममध्येच मांडायचा. पगारावर आयकर नाही हे खरं, पण त्यातून वाचलेले पैसे घरभाड्यात सहज जातात.

समजा कुटुंबासह राहायचं आहे आणि वर्षाला 60,000 दिरहमचं घर धरलं. इथे भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात. चार चेकवर मालक तयार झाला तरी पहिला 15,000चा. रिकाम्या घराची 5 टक्के अनामत 3,000, एजंटचं कमिशन साधारण तेवढंच, वीज-पाण्याच्या जोडणीची अनामत 2,000. झाले 23,000, म्हणजे जवळजवळ दोन पगार, आणि घरात अजून गादीसुद्धा आलेली नाही. शिवाय भाड्याच्या 5 टक्के पालिकेचा गृहकर असतो, तो दरमहा वीजबिलातून जातो. या घराला महिना 250. म्हणून एचआरला आधी हे विचारा की घरभाडे भत्ता सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा आगाऊ मिळेल का. बऱ्याच कंपन्या देतात, पण आपण मागावं लागतं. रेसिडेन्सी आणि बँक खातं होईपर्यंतच्या हॉटेलचंही विचारा.

मग बेसिक बघा. ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मिळते: पहिली पाच वर्षं दरवर्षी 21 दिवसांची. त्याच बारा हजारांत बेसिक 5,000 असेल तर वर्षाचे 3,500 जमतात, 8,000 असेल तर 5,600. भारतातला पीएफ थांबणार आहे, त्यामुळे हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

तुमचा आरोग्यविमा कंपनीने द्यायचा असतो. बायको-मुलांचा मात्र कंपनीवर बंधनकारक नाही. ऑफरमध्ये लिहिलेला नसेल तर तो आणि त्यांच्या व्हिसाचा खर्च तुमचाच.

शाळेचं नीट बघा. केएचडीए म्हणजे दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिच्या वेबसाइटवर प्रत्येक खासगी शाळेची इयत्तावार फी दिलेली असते. दोन मुलं असतील तर ऑफरवर सही करण्याआधी ती उघडून बघाच, आणि बसचे पैसे वेगळे धरा. शिक्षण भत्ता नसलेली चांगली दिसणारी ऑफर इथेच अपुरी पडते.

शारजात भाडं कमी म्हणून तिकडे राहायचा सल्ला मिळेल. पण दुबईत नोकरी असेल तर सकाळ-संध्याकाळची ती कोंडी लहान मुलांच्या आईबापांना मी तरी सुचवणार नाही.

प्रोबेशन सहा महिन्यांपर्यंत असू शकतं आणि त्या काळात कंपनी 14 दिवसांच्या नोटिशीवर काढू शकते. तेव्हा शक्यतो आधी एकट्याने या, बर दुबई किंवा करामात शेअरिंगमध्ये राहा. वर्षभराच्या चेकवर सह्या प्रोबेशन संपल्यावर करा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा इथेही एप्रिलमध्ये सुरू होतात. कुटुंबाची तारीख त्यावरून ठरवा.