कांद्याची कोवळी पात पिवळी पडत असेल तर युरियाआधी गंधक आठवावे

जुन्नर, खेड, शिरूर भागातील कांद्याच्या शेतात पात पिवळी दिसली की युरियाची गोणी फोडली जाते. परंतु त्याआधी खाली बसून नेमकी कोणती पात पिवळी आहे हे पाहावे. युरियातून मिळणारे नत्र (नायट्रोजन) रोपात सहज फिरते, म्हणून त्याची कमतरता जुन्या, बाहेरच्या पातींवर प्रथम दिसते. गंधक मात्र जुन्या पातीतून नव्या पातीकडे फारसे सरकत नाही, त्यामुळे मधली कोवळी पात फिकट होते आणि बाहेरची हिरवी राहते.

मुळे गंधक मुख्यतः सल्फेटच्या (गंधक व ऑक्सिजनच्या विद्राव्य संयुगाच्या) रूपातच घेतात. पुढे प्रामुख्याने पानांतील हरितकणांत त्याचे रूपांतर होऊन सिस्टीन व मेथिओनीन ही अमिनो आम्ले तयार होतात, आणि कांदा चिरताना डोळ्यांत पाणी आणणारा तिखटपणाही याच गंधकाचा असतो.

मूलद्रव्य स्वरूपातील गंधक, म्हणजे बाजारात मिळणारे बेन्टोनाइट या चिकणमातीत मिसळलेले ९० टक्के गंधक, पिकाला लगेच मिळत नाही. जमिनीतील जिवाणूंनी त्याचे सल्फेट करण्यास काही आठवडे लागतात आणि त्यासाठी ओल लागते, म्हणून ते लागवडीपूर्वीच मातीत मिसळावे, हे मी आग्रहाने सांगेन. उभ्या पिकात कमतरता दिसल्यास सुमारे २४ टक्के गंधक असलेले अमोनियम सल्फेट उपयोगी पडते. मात्र त्यात नत्रही असल्याने युरियाची मात्रा तेवढी कमी करावी. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) खताऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट वापरल्यास स्फुरदासोबत (फॉस्फरससोबत) सुमारे ११ टक्के गंधकही मिळते.