स्टेरॉइडचं मलम लावण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाचा

गेल्या उन्हाळ्यात कॉलेजचा एक मुलगा आमच्या मेडिकलवर आला आणि हळूच मोबाइलवरचा फोटो दाखवला. जांघेतल्या नायट्यावर मित्राने सुचवलेली ट्यूब त्याने चार महिने लावली होती. खाज थांबायची, पुन्हा यायची. आता मांडीच्या आतल्या बाजूला लालसर-जांभळे पट्टे पडले होते. "कधी जातील?" त्याने विचारलं. रंग फिका होईल, पण पट्टे पुरते जाणार नाहीत, हे सांगताना मला फार वाईट वाटलं.

म्हणून सांगते, ट्यूब हातात घेतली की मागची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन यांतलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं हार्मोन बनवतात, त्याचीच ही जोरकस भावंडं. त्वचेच्या आतल्या थरात काही पेशी कोलॅजेनचे धागे सतत तयार करत असतात. जुने झिजतात, नवे भरले जातात. स्टेरॉइडमुळे हे भरणं मंदावतं. सूज आणि खाज ओसरते खरी, पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि ताण पडेल तिथे पट्टे उमटतात.

जागा फार महत्त्वाची. तळपायाची कातडी जाड, तिथून औषध कमी आत जातं. चेहरा, पापण्या, काख, जांघ इथून भराभर शिरतं. तिथे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बोटही लावू नका. गोरं होण्यासाठी तर मुळीच नाही!

माप सोपं आहे. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत मलमाची रेघ काढा. ते साधारण अर्धा ग्रॅम, बोटांसकट हाताच्या दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. क्लोबेटासोल सलग 2 आठवड्यांपेक्षा जास्त लावायचं नसतं.

नायट्यावर नुसतं स्टेरॉइड लावलं तर लाली दबते, बुरशी मात्र खाली पसरत राहते. आणि चेहऱ्यावर बरेच दिवस लावत असाल तर मनाने एकदम बंद करू नका, चेहरा भडकतो. त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवा, ते सोडवतील.

ट्यूब फोडाल त्या दिवशी तिच्यावर पेनाने तारीख टाका, कधी थांबायचं तेही. मी आता काउंटरवरच लिहून देते.