पहिला ट्रेक करायचाय आणि व्ह्यू पण हवाय? लोहगडचं प्लॅनिंग असं करा

"आम्ही कधी ट्रेक केलेला नाही, फार दमवणारा नको, पण वर गेल्यावर व्ह्यू भारी पाहिजे" अशी फर्माईश आली की पुण्या-मुंबईच्या माणसांना मी डोळे झाकून लोणावळ्याजवळचा लोहगड सांगते. लगेच कुणीतरी कळसूबाई म्हणतंच, पण बारी गावातून 1646 मीटरवर चढायचं, मध्ये लोखंडी शिड्या, पहिल्याच वेळी एवढं केलं की माणूस परत ट्रेकचं नाव काढत नाही. लोहगडला रेल्वे स्टेशन जवळ, वाट मळलेली, वर थेट पायऱ्या, आणि कंटाळा आला तर पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते. शिवाय जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत जे 12 किल्ले गेले त्यात हा पण आहे, त्यामुळे घरच्यांना पटवायला एक मुद्दा आयता मिळतो.

आता आधी महिना ठरवा, गड नंतर. सगळे रील बघून जुलैमध्ये जातात आणि वर पोचल्यावर दिसतं काय तर पांढरं धुकं आणि पुढच्या माणसाची रेनकोटची टोपी. भिजायला, धबधब्यासाठी जायचं असेल तर पावसाळ्यात खुशाल जा, पण लांबचं बघायचं असेल तर सप्टेंबर संपता संपता ते नोव्हेंबर हाच खरा टाइम, गवत अजून हिरवं असतं आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ. डिसेंबर-जानेवारी पण मस्तच. एप्रिल-मे मध्ये वर सावली नाही, कातळ तापतो, उगाच हाल.

आणि रविवार टाळा हो! हे मी दहा वेळा सांगितलं तरी लोक रविवारीच जातात. 2023 च्या पावसाळ्यात एका रविवारी पायऱ्यांवर इतकी गर्दी झाली की लोक तासन्‌तास अडकून पडले होते, ना वर जाता येईना ना खाली, ते व्हिडिओ बघितले असतीलच. एक दिवस रजा टाका, मंगळवार-बुधवारी जा, तोच गड वेगळा वाटतो. रजा नसेलच तर रविवारी अगदी सकाळी गड उघडायच्या वेळेला दरवाज्यात हजर राहा.

ग्रुपबरोबर जाताना फोटो बघून बुकिंग करू नका, फोन करून बोला. बॅच केवढी आहे आणि त्यात लीडर किती, हे पहिलं विचारा. पन्नास-साठ जणांमागे दोन पोरं देणारे असतात, ती बॅच नाही, जत्रा आहे. पंधरा-वीस जणांत पुढे एक लीडर आणि सगळ्यात मागे एक माणूस हवाच, कारण नवख्या लोकांमध्ये कुणीतरी मागे राहणार हे ठरलेलं असतं, आणि मागच्या लीडरला थांबायचा पेशन्स आहे का यावर त्या माणसाचा अख्खा दिवस अवलंबून असतो. फर्स्ट एड कुणाकडे आहे, पाऊस वाढला तर ट्रेक रद्द करता का आणि पैशांचं काय, हे पण विचारा. राज्य सरकारच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार अशा आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का विचारलं की समोरच्याचा आवाज बदलतो का तेवढं ऐका. "काही होत नाही, आम्ही दर वीकेंडला जातो" हे उत्तर आलं तर दुसरा ग्रुप बघा. खरं सांगायचं तर लोहगडवर वाट चुकायचा प्रश्न नाही, गाइड लागतो तो वेग सांभाळायला आणि गड समजवायला.

जायचं कसं तर पुण्याहून लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरायचं. मुंबईकरांनी सकाळची इंद्रायणी एक्स्प्रेस घेऊन लोणावळ्याला उतरायचं आणि तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने पुढचंच स्टेशन. दुपारी लोकलमध्ये मोठी गॅप असते, त्यामुळे परतीची वेळ आदल्या दिवशीच बघून ठेवा. मळवलीहून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव, इथे चहा-पोहे उरकून घ्या. भाजे लेणी वाटेतच आहेत, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली, थोड्या पायऱ्या आहेत पण बघाच. चैत्यगृहात उभं राहून मान वर करा, छताला लाकडी कमानी आहेत आणि त्यातलं काही लाकूड मूळचं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे! पुढे रस्त्याने चढत गायमुख खिंडीत यायचं, डावीकडे विसापूर किल्ला, उजवीकडे लोहगड. स्टेशनपासून लोहगडवाडीपर्यंत आरामात चालत दीड-दोन तास धरा, तिथून वर अर्धा-पाऊण तास.

पायऱ्या सुरू झाल्या की गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे ओळीने लागतात. चढताना मान खाली असते म्हणून काही कळत नाही, पण वरच्या बुरुजावरून खाली वाकून बघा, तटबंदी आणि वाट कशी वळणं घेत घेत वर आणलीय ते एका नजरेत दिसतं, शत्रूला प्रत्येक वळणावर वरून मार बसेल असा हिशोब आहे. सुरतेची लूट याच गडावर आणून ठेवली होती म्हणतात, ते पटतं मग. माथ्यावर नाना फडणवीसांच्या काळातलं सोळा कोनी तळं आहे. दक्षिणेला पवना धरणाचं पाणी, त्याच्या पलीकडे तुंग किल्ल्याचा सुळका आणि त्रिकोणी तिकोना किल्ला, पाठीमागे विसापूरचं धिप्पाड पठार. इथे निवांत बसा, सेल्फी झाले की उठू नका.

विंचूकाटा म्हणजे गडाची लांब बाहेर गेलेली सोंड, सगळ्यांना तिकडे जायचंच असतं. पण तिथे जायला एक छोटा कातळाचा टप्पा उतरावा लागतो, कोरडा असेल तर नवख्यालाही जमतो, ओला असेल आणि लीडर नको म्हणाला तर नको म्हणजे नको. वारा पण तिथे जोरात असतो, कडेला उभं राहून फोटो काढायचा हट्ट करू नका.

सामान फार नको. दोन लिटर पाणी, इलेक्ट्रालची पुडी, सुका खाऊ, टोपी, पावसाळा असेल तर एक्स्ट्रा कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत. शूजवर मात्र कंजूषी नको, महागच पाहिजेत असं नाही, आपले ॲक्शन कंपनीचे ट्रेकिंगवाले शूज सह्याद्रीच्या ओल्या दगडावर महागड्या ब्रँडना हरवतात, पण नवे घेतले तर आठवडाभर घरात-बाजारात घालून फिरा आणि मगच गडावर न्या. जीन्स नको, भिजली की दगडासारखी जड होते. खाऊची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं हिसकावून नेतात आणि त्यांना सवय आपणच लावलीय.

गडावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे संध्याकाळच्या आत खाली यायचंच असतं. उतरताना घाई करू नका, पायऱ्यांवर शेवाळ असेल तर पाऊल आडवं टाकत या, घसरणारे बहुतेक उतरतानाच घसरतात. काही वाईट झालंच तर 112 लावा, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही रेस्क्यू टीम याच भागात काम करते. जेवण लोहगडवाडीत सकाळी वर जातानाच सांगून ठेवा, म्हणजे उतरेपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते, नाहीतर भुकेल्या पोटी तासभर वाट बघत बसाल आणि तिकडे लोकल निघून जाईल.