काकूंचं फराळाचं ॲप लॅपटॉपवरून सर्व्हरवर कसं चढवायचं

इंदूरला राजेंद्र नगर, सुदामा नगर, लोकमान्य नगर कुठंही जा, दिवाळीआधी फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या काकू सापडतातच, आणि आता त्यांचा कोणीतरी भाचा नाहीतर शेजारचा पोरगा त्यांच्यासाठी ॲप बनवतो. पुढे दिसणारी पानं (फ्रंटएंड) रिॲक्टमध्ये, मागे ऑर्डरी सांभाळणारा कोड नोड आणि एक्सप्रेसमध्ये, खाली डेटाबेस पोस्टग्रेस. लॅपटॉपवर झकास चालतं. मग काकू विचारतात, अरे पण माझ्या मोबाइलवर कधी दिसणार? आणि भिया तिथून पोरगा गायब.

तर हे त्या पोरासाठी. कमांडा मी बोलतो तशाच लिहितोय, टाइप अर्थात इंग्रजीत करायच्या. आणि डॉकर, कुबरनेटीस वगैरे मोठ्या साइटची अवजारं आत्ता बाजूला ठेवा, चकली-अनारशाच्या ऑर्डरींना एक छोटं मशीन, म्हणजे इंटरनेटवर भाड्याने मिळणारा सर्व्हर, भरपूर होतं.

मशीन कुठल्याही कंपनीचं घ्या, फक्त डेटासेंटर मुंबई किंवा बेंगळुरूचं निवडा आणि उबंटू २४.०४ एलटीएस (लिनक्सचं लांब सपोर्टवालं व्हर्जन) टाका, ५ वर्षं सिक्युरिटी अपडेट फुकट मिळतात. रॅम २ जीबी असेल तर बरं. १ जीबीच परवडत असेल तर आधी २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवून घ्या, कारण साइट चालवायला रॅम फार लागत नाही पण फ्रंटएंड बिल्ड करताना, म्हणजे कोडमधून ब्राउझरसाठीच्या फाइली बनवताना, लागते, आणि कमी पडली की लिनक्स गुपचूप प्रोसेस मारतो, स्क्रीनवर फक्त 'किल्ड' एवढंच येतं आणि माणूस तासभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

लॉगिन झाल्यावर रूटवर, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या युजरने, काम करत बसू नका. वेगळा युजर बनवा, त्याला सुडो (गरजेपुरते रूटचे अधिकार) द्या, एसएसएच की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी फाइल) टाका, मग पासवर्ड लॉगिन बंद करा. यात एक खोच आहे, बऱ्याच कंपन्यांच्या मशीनवर क्लाउड-इनिटची (मशीन पहिल्यांदा सेट करणारा प्रोग्रॅम) एक वेगळी छोटी कॉन्फिग फाइल असते, ती आधी वाचली जाते आणि तिच्यात पासवर्ड लॉगिन चालूच असतं, म्हणजे मुख्य फाइलमध्ये 'नो' लिहूनसुद्धा काही होत नाही. ती पण बघा. जुना टर्मिनल उघडा ठेवून दुसऱ्यातून लॉगिन होतंय का तपासा, मगच जुना बंद करा. फायरवॉलचंही तसंच: आधी यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच, मग वेबसाइटचे पोर्ट ८० आणि ४४३, सगळ्यात शेवटी यूएफडब्ल्यू इनेबल. क्रम उलटा झाला तर पुढच्या वेळी तुम्हीच बाहेर.

नोड उबंटूच्या स्वतःच्या एपीटीमधून (पॅकेजांच्या कोठारातून) घेऊ नका. २४.०४ मध्ये १८ नंबरचं येतं आणि त्याचा सपोर्ट एप्रिल २०२५ मध्येच संपलाय. नोडसोर्स नावाच्या वेगळ्या कोठारातून चालू एलटीएस घ्या.

आता कोड. गिट क्लोन करून व्हार-डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू या फोल्डरखाली ठेवा, होम फोल्डरमध्ये नको. उबंटूत २१.०४ पासून नवीन युजरचं होम फोल्डर दुसऱ्यांना वाचता येत नाही, एनजिनएक्स (साइट लोकांपर्यंत पोचवणारा वेब सर्व्हर) वेगळ्या युजरने चालतो, त्यामुळे फाइल समोर असून ४०३, म्हणजे 'परवानगी नाही', येतो. नोड मॉड्यूल्सचा फोल्डर विंडोजवरून उचलून आणायचा तर विचारही करू नका, बीक्रिप्टसारख्या (पासवर्ड हॅश करणाऱ्या) पॅकेजचे तुकडे त्या त्या सिस्टमसाठी बनलेले असतात. सर्व्हरवर एनपीएम सीआय चालवा. ते लॉक फाइलमध्ये (पॅकेजांच्या नेमक्या व्हर्जनांची यादी) जे व्हर्जन लिहिलंय तेच आणतं, एनपीएम इन्स्टॉल कधी कधी लॉक फाइलच बदलून टाकतं. नोड एन्व्ह हे व्हेरिएबल आधीच प्रॉडक्शन करून ठेवलं असेल तर डेव्ह डिपेंडन्सी (फक्त बनवताना लागणारी पॅकेजं) येणारच नाहीत आणि व्हीट, म्हणजे बिल्ड करणारं अवजार, सापडत नाही म्हणून बिल्ड अडेल, म्हणून ते बिल्ड झाल्यावर.

आणि तरी बिल्ड फुटलं, 'मॉड्यूल नॉट फाउंड' म्हणतंय, लॅपटॉपवर तर चालत होतं? दहापैकी नऊ वेळा फाइलच्या नावातलं कॅपिटल अक्षर. विंडोजला मोठा एच आणि छोटा एच सारखाच, लिनक्सला ही दोन वेगळी नावं. नाव बदलताना गिट एमव्हीने बदला, कारण विंडोजवर गिटला नुसता अक्षराचा आकार बदललेला बरेचदा कळतच नाही.

पासवर्ड, गुप्त की वगैरे एन्व्ह फाइलमध्ये (सेटिंगची वेगळी फाइल), परमिशन ६०० म्हणजे फक्त मालकाला वाचता येईल अशी, गिटमध्ये कधीच नाही. पण व्हीटच्या नावाने सुरू होणारे व्हेरिएबल बिल्डमध्ये छापले जातात, ब्राउझरमध्ये कोणालाही दिसतात, तिथे पेमेंटची सिक्रेट की टाकली की ती इंदूरच्या सराफ्यातल्या गजबजलेल्या खाऊगल्लीत रात्री लाउडस्पीकरवर वाचून दाखवल्यासारखीच.

नोड सतत चालू ठेवायला लोक पीएम२ नावाचं अवजार वापरतात, चालेल, पण मग पीएम२ स्टार्टअप आणि पीएम२ सेव्ह दोन्ही करायचं, नाहीतर मशीन रीबूट झालं की साइट झोपली. मला सिस्टमडीच आवडतं, लिनक्समधल्या सर्व्हिसा चालू ठेवणारं ते मशीनवर आधीपासून असतंच. एक छोटी सर्व्हिस फाइल: कुठल्या युजरने, कुठल्या फोल्डरमधून, एन्व्ह फाइल कोणती, आणि रीस्टार्ट ऑलवेज. मग सिस्टमसीटीएल इनेबल आणि स्टार्ट, दोन्ही. स्टार्ट म्हणजे आत्ता, इनेबल म्हणजे बूट झाल्यावर आपोआप.

ॲपला १२७.०.०.१ वर (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) ३००० पोर्टला ऐकायला लावा, म्हणजे बाहेरून थेट कोणी पोचणार नाही. पोस्टग्रेसचं ५४३२ पोर्ट पण बाहेर उघडू नका. पोस्टग्रेसऐवजी मोंगो डेटाबेस वापरत असाल तर जास्तच सांभाळा, २०१७ च्या जानेवारीत पासवर्ड न लावलेले हजारो मोंगो डेटाबेस लोकांनी पुसून टाकून खंडणी मागितली होती.

बाहेरच्यांशी बोलणार फक्त एनजिनएक्स. बिल्ड झालेल्या फाइली तो स्वतः देतो आणि एपीआयच्या रिक्वेस्टा (ऑर्डर टाकणं वगैरे) प्रॉक्सी पास करून नोडकडे पाठवतो. दोन्ही एकाच डोमेनवर ठेवले की सीओआरएसची, म्हणजे ब्राउझर दुसऱ्या डोमेनची उत्तरं अडवतो त्याची, कटकटच संपली. एनजिनएक्सच्या ट्राय फाइल्स या ओळीत शेवटी इंडेक्स फाइल द्या, नाहीतर होमपेज उघडतं पण ऑर्डरच्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४, कारण ते पान सर्व्हरवर नाहीच, ते रिॲक्ट राउटरच्या डोक्यात आहे. प्रॉक्सी पासच्या पत्त्याला शेवटी स्लॅश दिला तर एपीआय हा शब्द कापून पुढे जातो, न दिला तर तसाच जातो, तुमचे राउट कसे आहेत ते बघून ठरवा. एक्स-फॉरवर्डेड-फॉर आणि एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो (गिऱ्हाइकाचा खरा आयपी आणि एचटीटीपीएस आहे का ते सांगणारे) हे हेडर नोडकडे पाठवा आणि एक्सप्रेसमध्ये ट्रस्ट प्रॉक्सी १ करा, नाहीतर लॉगिनची सिक्युअर कुकी बसत नाही आणि रेट लिमिटरला (एकाच माणसाच्या जास्त रिक्वेस्टा अडवणाऱ्याला) महूपासून विजय नगरपर्यंतचे सगळे गिऱ्हाईक एकच माणूस वाटतात. आणि काकू मोबाइलवरून चकलीचा ४ एमबीचा फोटो टाकणार, एनजिनएक्सची मर्यादा मुळात १ एमबी आहे, ४१३, म्हणजे 'फाइल फार मोठी', येणार, तेव्हा क्लायंट मॅक्स बॉडी साइझ १० एमबी करून ठेवा. बदल केला की एनजिनएक्स डॅश टी, ठीक म्हटलं तरच रीलोड.

डोमेनचा ए रेकॉर्ड मशीनच्या आयपीवर वळवा, पोचला की सर्टबॉट (एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट आणणारा प्रोग्रॅम) चालवा. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं असतं, टायमर ते आपोआप नवं करतो, फक्त एकदा सर्टबॉट रिन्यू ड्राय-रन करून बघा.

वेळेचं पण बघा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर, असतो. 'रात्री १२ ला ऑर्डर बंद' असं साधं लिहिलंत तर ती सकाळी साडेपाचला बंद होईल, आणि मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरींचे लाडू कोण वळणार? सर्व्हर यूटीसीवरच राहू द्या, कोडमध्ये एशिया कोलकाता सांगून हिशोब करा.

आता सुडो रीबूट करा. दोन मिनिटांनी घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर साइट उघडा. हात न लावता उघडली तर काकूंना लिंक पाठवा. ५०२ (मागून उत्तर नाही) आलं तर एनजिनएक्स ठीक आहे, नोड मेलाय, जर्नलसीटीएलमध्ये त्या सर्व्हिसचा लॉग वाचा, कारण तिथेच लिहिलेलं असतं, बरेचदा एन्व्ह फाइलच सापडलेली नसते.

पुढचे अपडेट सोपे: गिट पुल, एनपीएम सीआय, बिल्ड, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल), सर्व्हिस रीस्टार्ट. फक्त या वेळी नोड एन्व्ह फक्त सर्व्हिसच्या एन्व्ह फाइलमध्ये असू द्या, टर्मिनलमध्ये नको, नाहीतर परत तेच व्हीट सापडत नाही. दिवाळीच्या आठवड्यात यातलं काहीच करू नका.

बॅकअपला क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारं लिनक्सचं घड्याळ) रोज रात्री पीजी डंप लावा, डॅश एफसी देऊन, कारण साध्या डंपची फाइल पीजी रिस्टोअरला चालत नाही, आणि ती फाइल त्या मशीनवरून बाहेर दुसरीकडे कॉपी होऊ द्या, मशीनच गेलं तर त्याच्यावरच्या बॅकअपचं काय लोणचं घालायचं. आणि एकदा ती फाइल लॅपटॉपवरच्या रिकाम्या डेटाबेसमध्ये पीजी रिस्टोअर करून ऑर्डरी मोजून बघा, डंप घेतला तेव्हा सर्व्हरवर होत्या तेवढ्याच आल्या पाहिजेत.