फिजीच्या दूरच्या बेटावर मदतवाटप कसे करावे

फिजीत सुमारे ३३० बेटे असून त्यांपैकी साधारण एक तृतीयांश बेटांवर वस्ती आहे. २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन हे पाचव्या श्रेणीचे चक्रीवादळ येथे धडकले, तेव्हा ४४ माणसे दगावली आणि कोरोसारख्या बेटांवर घरे अक्षरशः भुईसपाट झाली. अशा ठिकाणी मदतीची बोट रोज येत नाही. म्हणून फिजी रेड क्रॉस सोसायटीच्या नव्या स्वयंसेवकाने सर्वप्रथम ध्यानात घ्यावे की सामान नंतर न्यायचे असते, मोजणी आधी करायची असते.

नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा हंगाम असल्यामुळे शाखेतील साठा ऑक्टोबरातच उघडून पाहावा. निवाऱ्याच्या संचात चार बाय सहा मीटरच्या दोन ताडपत्र्या, दोर, करवत, हातोडी, खिळे, फावडे, बांधणीची तार इत्यादी वस्तू असतात. समुद्राच्या खाऱ्या हवेत खिळे आणि तार लवकर गंजतात, त्यामुळे यादीवर खूण करून न थांबता प्रत्येक संच हाताने तपासावा.

गावात शिरताना टोपी आणि काळा चष्मा काढावा, गुडघे झाकणारा सुलू, म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र, नेसावा आणि यांगोनाची (कावा या पेयाच्या झाडाची) मुळे अर्पण करून ‘सेवुसेवु’, म्हणजे गावात येण्याची परवानगी मागण्याचा विधी, करावा. गावाचा कारभार पाहणाऱ्या तुरंगा-नी-कोरोला आगाऊ निरोप दिलेला असेल, तर संकटकाळात हा विधी थोडक्यात उरकता येतो. तो टाळू मात्र नये. घाईत असलेल्या स्वयंसेवकाला यात वेळ जातो असे वाटते, पण कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा आहे आणि कोणते कुटुंब नातेवाइकांकडे आसऱ्याला गेले आहे, हे पुढे याच बैठकीतली माणसे सांगतात.

यादी करताना गावाने हाती दिलेल्या आकड्यांवर विसंबू नये, घरोघर फिरावे. एका छपराखाली दोन चुली असतील, तर दोन कुटुंबे धरावीत. विधवा, गर्भवती स्त्रिया, अपंग आणि भाड्याने राहणारे यांची नोंद वेगळी करावी, कारण गावाच्या बैठकीत त्यांचा आवाज सहसा सर्वांत क्षीण असतो. तयार यादी सर्वांसमोर मोठ्याने वाचावी. तक्रारी तेथेच निघतात आणि वाटपाच्या दिवशीची भांडणे टळतात.

वाटपाच्या जागेत येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी ठेवावी, सही किंवा अंगठा घ्यावा आणि कोणत्याही पुढाऱ्याच्या भाषणाला तेथे जागा देऊ नये. तटस्थता आणि निःपक्षपात ही दोन्ही रेड क्रॉसची मूलतत्त्वे आहेत. मदत कोणाच्या मेहेरबानीने मिळाली असा समज एकदा रुजला, की तो पुसणे अवघड जाते.

ताडपत्री नुसती हाती देऊन परतू नये. एका घरावर ती बांधून दाखवावी. खिळा सरळ कापडात ठोकला की पहिल्याच वाऱ्यात तेथून चीर जाते. लाकडाची पट्टी वर ठेवून तिच्यातून खिळे मारावेत आणि पाणी साचून झोळ पडणार नाही इतका उतार द्यावा. माणशी किमान साडेतीन चौरस मीटर झाकलेली जागा मिळावी, हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

पाण्यासाठी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरावेत. गढूळ पाणी आधी निवळू देऊन फडक्यातून गाळावे, मग क्लोरीनची गोळी टाकून किमान अर्धा तास थांबावे. गढूळपणा तसाच राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडते. गोळीचे प्रमाण वेष्टनावर लिहिलेले असते, पण ते गावकऱ्यांच्या भाषेत, म्हणजे इतौकेई (मूळ फिजीवासीयांची भाषा) किंवा फिजी हिंदीत, समजावून सांगावे.

परदेशातील आप्त जुने कपडे पाठवायला निघाले, तर त्यांना थांबवावे. विन्स्टननंतर कोणी न मागितलेल्या वस्तूंचे कंटेनर येऊन पडले आणि ते निवडण्यात माणसांचे श्रम खर्ची पडले. रोख देणगी दिल्यास यादीत जे कमी पडले आहे तेवढेच राजधानी सुव्यातून घेऊन पुढच्या बोटीने पाठवता येते.